ऊस वाहतुकीची रस्ता सुरक्षा (सातारा–सांगली)

गळीत हंगामात शेतातून कारखान्यावर ऊस नेणाऱ्या वाहनांचे अपघात टाळण्यासाठी परिवहन विभाग, पोलीस आणि साखर कारखाने करत असलेल्या उपाययोजना. कऱ्हाड, वाळवा, पलूस या कृष्णाकाठच्या तालुक्यांत हा प्रश्न ठळकपणे दिसतो. रेठरे बुद्रुकचा कृष्णा, यशवंतनगरचा सह्याद्री, साखराळ्याचा राजारामबापू, कुंडलचा क्रांती असे मोठे कारखाने या एकाच पट्ट्यात आहेत.

खरा धोका रात्रीचा. दिवसभर तोड, संध्याकाळी भरणी आणि अंधार पडल्यावर गाड्या रस्त्याला, असा क्रम असतो. ट्रॅक्टरमागे बहुधा दोन ट्रॉल्या असतात. मागच्या ट्रॉलीच्या दिव्याची वायर तुटलेली असते, नाहीतर जोडलेलीच नसते. रिफ्लेक्टर असला तरी लोंबणाऱ्या उसाखाली किंवा चिखलाखाली दडतो. समोरच्या गाडीच्या प्रखर दिव्याने डोळे दिपलेल्या दुचाकीस्वाराला ही ट्रॉली दिसते तेव्हा ब्रेक मारायला जागा उरलेली नसते. टायर फुटून रस्त्यातच उभ्या राहिलेल्या ट्रॉलीचा प्रकार वेगळाच: ट्रॉली सरकू नये म्हणून चाकामागे उटी, म्हणजे अडण म्हणून मोठे दगड लावतात, टायर बदलून ट्रॉली निघून जाते आणि दगड डांबरावर तसेच राहतात.

नियम पुरेसे आहेत. परावर्तक पट्ट्या पुढे पांढऱ्या, बाजूला पिवळ्या आणि मागे लाल हव्यात. मोटार वाहन कायदा, 1988 मधील 2019 च्या दुरुस्तीने कलम 194 खाली जादा वजनासाठी 20,000 रुपये आणि वर दर जादा टनामागे 2,000 रुपये दंड ठेवला. माल वाहनाबाहेर डोकावत असेल तरीही दंड 20,000 रुपयेच. पण वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात, त्यामुळे खेप जितकी मोठी तितकी मालकाला परवडते. भर रस्त्यात ट्रॉली अडवली तर वाहतूक तुंबते आणि जादा ऊस उतरवायचा कुठे, हा प्रश्न उरतोच. त्यामुळे रस्त्यावरच्या कारवाईपेक्षा कारखान्याचा गाडीतळ ही जास्त उपयोगाची जागा ठरते. प्रत्येक गाडीला तिथे थांबावेच लागते. हंगामाच्या तोंडावर परिवहन अधिकारी आणि पोलीस तिथे जाऊन पट्ट्या चिकटवतात, चालकांना चार गोष्टी सांगतात. या चालकांत बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळीबरोबर आलेलेही असतात. त्यांना इथली वळणे आणि अरुंद पूल परके असतात.

ट्रॅक्टरवर मोठ्या आवाजात लावलेल्या टेपवरही पोलीस कारवाई करतात. हा निव्वळ शांततेचा मामला नाही. टेपच्या दणदणाटात मागच्या गाडीचा हॉर्न चालकाला ऐकूच येत नाही.

बैलांची टायरगाडी मात्र मोटार वाहन कायद्याच्या कक्षेबाहेर राहते. तिला नंबरप्लेट नाही, चलन फाडायचे कुणाच्या नावावर हाही प्रश्नच. मागच्या फळीला लाल पट्टी लावणे, तेही गाडीवानाला समजावून, एवढेच प्रशासनाच्या हातात असते.