मटकीच्या आठ वाट्या

मटकीला मोड कसे आणायचे, हे कोल्हापुरातल्या मुलांना सांगावं लागत नाही. मिसळीमुळे ते घरोघरी ठाऊक आहे. म्हणून नववीच्या वर्गात प्रयोगाची आखणी शिकवायला मी मटकीच घेतो. प्रश्नही जवळचाच. शिरोळ तालुक्यात उसाला पाणी देऊन देऊन कितीतरी जमीन क्षारपड झाली. मग खारट पाण्यात बी रुजतं का?

पहिल्या दिवशी मुलं दोन वाट्या मांडतात. एकीत साधं पाणी, दुसरीत लिटरला ५ ग्रॅम मीठ घातलेलं. दोन्हींत ५०-५० दाणे. मिठाच्या वाटीत मोड कमी दिसले की, ‘सर, झालं की सिद्ध!’

‘ती वाटी कुठं ठेवली होती?’

‘खिडकीत.’

मग मोड मिठानं अडले, की उन्हानं पाणी आटलं म्हणून?

दाणे ५० असले तरी वाटी एकच. तिच्यातल्या सगळ्या दाण्यांच्या वाट्याला तेच ऊन, तीच बुरशी येते. त्यामुळे ते ५० वेगळे पुरावे ठरत नाहीत. ही चूक मुरलेल्या संशोधकांकडूनही होते, म्हणून मी इथे बराच वेळ थांबतो. समजा, मीठ काहीच करत नाही. तरीही दोन वाट्यांपैकी एक मागे पडणारच, आणि निम्म्या वेळा ती मिठाची निघेल. तीन-तीन वाट्या घेतल्या, तर मिठाच्या तिन्ही वाट्या योगायोगानं मागे राहणं २० वेळांत एकदा घडेल. चार-चार घेतल्या, तर ७० वेळांत एकदा. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३५ साली चहाच्या ८ कपांचं उदाहरण देऊन मांडलेलं गणित हेच. मात्र कोणत्या वाटीत मीठ आणि कोणती वाटी कुठे, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं तरच ते लागू पडतं.

‘मोड आला’ म्हणजे काय, हेही आधीच ठरवायचं: मूळ २ मिलिमीटर बाहेर आलं तरच मोजायचं. वाट्यांवर फक्त क्रमांक. मीठ कशात आहे हे मोजणाऱ्याला ठाऊक नसावं.

एका मुलीनं विचारलं, ‘मीठ विषारी आहे, की त्याच्यामुळं दाण्याला पाणी ओढता येत नाही?’ वर्षभरातला सर्वांत सुंदर प्रश्न! हे तपासायला साखर घेतली. ती विषारी नाही, पण मिठासारखीच पाणी धरून ठेवते; तिच्यातही मोड तितकेच अडले, तर कारण विष नव्हे, पाणी न मिळणं. विरघळल्यावर मिठाचे सोडियम आणि क्लोराइड असे दोन कण सुटे होतात, साखरेचा रेणू अखंड राहतो. त्यामुळे पाणी तितकंच धरून ठेवायला लिटरला सुमारे ५८ ग्रॅम साखर लागते. आता चार वाट्या साखरेच्याही मांडल्या आहेत. तिथं बुरशी लवकर धरते, म्हणून मुलं उद्या सकाळीच मोजायला येणार आहेत.