बोटाच्या थेंबातून लिनेझोलिडची पातळी : रुग्ण आणि घरच्यांसाठी माहिती

एमडीआर टीबीवरच्या (नेहमीच्या मुख्य औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवरच्या) सहा महिन्यांच्या नव्या उपचारात लिनेझोलिडची गोळी असते. भारतात या उपचाराला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. गोळी गुणकारी आहे, पण ती दीर्घकाळ जास्त प्रमाणात अंगात राहिली तर रक्त कमी होतं, तळपायाला मुंग्या येतात, काहींची नजर मंदावते. दक्षिण आफ्रिकेतल्या निक्स-टीबी चाचणीत रोज १२०० मिलिग्रॅमने सुरुवात केली होती. तिथे १०९ रुग्णांपैकी ८१ टक्क्यांना नसांचा त्रास झाला. पुढच्या झेनिक्स चाचणीत ६०० मिलिग्रॅम सहा महिने घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण २४ टक्क्यांवर आलं आणि गुण मात्र जवळपास तेवढाच आला.

तरीही ६०० ची गोळी सगळ्यांच्या रक्तात सारखी उतरत नाही. वय, वजन, किडनीचं काम यांनी फरक पडतो. सोबत रिफाम्पिसिन (टीबीचंच एक औषध) असेल तर पातळी घसरते, क्लॅरिथ्रोमायसिन (एक अँटिबायोटिक) असेल तर चढते. म्हणून पुढची गोळी घेण्याआधी रक्तात किती औषध उरलंय हे मोजायचं. दंडातून रक्त काढून ते थंड ठेवून शहरात पाठवणं गावाकडच्या रुग्णाला जड जातं. लिनेझोलिड कागदावर वाळलेल्या रक्तात चांगलं टिकतं, त्यामुळे बोटाचा थेंब वाळवलेलं कागदी कार्ड आमच्या प्रयोगशाळेत साध्या टपालाने आलं तरी चालतं. (मेरोपेनेमसारखी औषधं अशी टिकत नाहीत, त्यांची कार्डं आम्ही घेत नाही.)

नमुना कसा घ्यायचा

गोळीची वेळ झाली की आधी नमुना, मग गोळी. हात कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करा. मधल्या किंवा अनामिकेच्या टोकाच्या कडेला टोचा, मधोमध नको. पहिला थेंब कापसाने पुसून टाका. दुसरा थेंब टपोरा होऊ द्या आणि बोट कागदाला न टेकवता गोलात पडू द्या. एका गोलात एकच थेंब, वरून भर घालू नका. थेंब येत नसेल तर हात खाली सोडून थोडं थांबा. बोट पिळलं तर रक्तात पेशींमधलं पाणी मिसळतं आणि आकडा चुकतो.

कार्ड आडवं ठेवून सावलीत किमान तीन तास वाळवा, पावसाळ्यात रात्रभर. उन्हात नको, हेअर ड्रायर नको. मग सोबतच्या पिशवीत ओल शोषणाऱ्या पुडीसकट बंद करा. कार्डावर शेवटची गोळी कधी घेतली आणि थेंब कधी घेतला, या दोन्ही वेळा लिहा. आम्ही यावर फार जोर देतो, कारण हे औषध रक्तातून साधारण पाच तासांत निम्मं होतं. वेळ माहीत नसलेल्या आकड्यावरून कोणत्याही डॉक्टरला डोस ठरवता येणार नाही.

हिमोग्लोबिनचा रिपोर्ट का मागतो

रक्त कमी असलं की थेंब कागदावर जास्त पसरतो. तपासणीसाठी आम्ही ठिपक्यातून ठरावीक मापाची चकती कापतो. पसरलेल्या ठिपक्याच्या चकतीत रक्तच कमी येतं आणि पातळी आहे त्यापेक्षा कमी दिसते. धोका असा की रक्त कमी करणारं औषध हेच आहे. ज्याचा डोस कमी करायला हवा, त्याचाच आकडा खोटा दिलासा देऊ शकतो. म्हणून आठवड्याभरातला सीबीसी रिपोर्ट (रक्तपेशींची मोजणी, यातच हिमोग्लोबिन असतं) जोडा. त्यातलं हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) पाहून आम्ही दुरुस्ती करतो. तो नसेल तर रिपोर्टवर तसं स्पष्ट लिहितो.

रिपोर्ट तुमच्या डॉक्टरांना जातो, प्रत तुम्हाला. आकडा पाहून गोळी स्वतःहून कमी किंवा बंद करू नका. औषध अर्धवट राहिलं तर जंतू पुन्हा बळावतात. या तपासणीमुळे सीबीसी किंवा डोळ्यांची तपासणी टळत नाही. अक्षरं धूसर किंवा रंग फिके दिसू लागले, तर रिपोर्टची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

पाकिटात दोन कार्डं आणि तीन सुया आहेत. ठिपका गोलाबाहेर गेला किंवा अर्धवट पडला तर दुसऱ्या बोटातून दुसऱ्या कार्डावर घ्या, आणि दोन्ही कार्डं पाठवा.