ऑनलाइन शूटर लिनक्सवर का अडतात? तीस वर्षांची पार्श्वभूमी

२३ डिसेंबर १९९७ रोजी ‘डूम’ या शूटरचा, म्हणजे गोळीबाराच्या गेमचा, सोर्स कोड (मूळ प्रोग्राम) सर्वांसाठी खुला झाला. तो बनवणाऱ्या इड सॉफ्टवेअरने तेव्हा दिलेला कोड डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचा नव्हता, लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमचा होता. डॉस आवृत्तीतली आवाजाची लायब्ररी (तयार कोडचा संच) दुसऱ्याच्या मालकीची होती, त्यामुळे ती उघडी करता येत नव्हती. डेव्ह टेलर यांनी १९९४ मध्येच हा गेम लिनक्सवर आणलेला असल्याने तो कोड हाताशी तयार होता. पुढे निघालेल्या डूमच्या असंख्य रूपांतरांचे मूळ त्यात सापडते.

म्हणजे शूटर आणि लिनक्स यांचे नाते जुने आहे. तरीही आज लिनक्सवर खेळणाऱ्या कोणालाही विचारा, उत्तर एकच मिळते: सगळे चालते, काही मोठे ऑनलाइन शूटर सोडून. जो प्रकार या घरात सगळ्यात आधी आला, तोच उंबऱ्याबाहेर कसा राहिला हे समजून घ्यायचे तर ग्राफिक्स आणि विश्वास या दोन गोष्टी वेगळ्या धराव्या लागतात. पहिला प्रश्न बराचसा सुटला आहे, दुसरा अजून तसाच आहे.

‘क्वेक’ या इडच्याच पुढच्या शूटरच्या काळात लिनक्सची खरी ताकद सर्व्हरच्या बाजूला होती. डेडिकेटेड सर्व्हरला, म्हणजे फक्त सामना चालवणाऱ्या संगणकाला, पडदा लागत नाही, आवाज लागत नाही. नेटवर्क आणि स्थिर चालणारे यंत्र एवढे पुरते. खेळणाऱ्याच्या बाजूला मात्र ग्राफिक्स कार्डाचे ड्रायव्हर जुळवण्यात रात्री जात. ब्रायन पॉल यांचे मेसा हे खुले ग्राफिक्स सॉफ्टवेअर आणि डॅरिल स्ट्रॉस यांनी लिनक्सवर आणलेली थ्रीडीएफएक्स कार्डांची ग्लाइड लायब्ररी या जोडीवर त्या वेळचे थ्रीडी शूटर उभे होते.

स्कॉट ड्रेकर यांनी १९९८ मध्ये काढलेल्या लोकी सॉफ्टवेअर या कंपनीने विंडोजचे गेम लिनक्सवर आणून पेटीत विकायचा व्यवसाय केला. ‘क्वेक थ्री अरीना’ त्यांनी पत्र्याच्या डब्यात विकायला आणला, पण तो फार खपला नाही. विंडोजची सीडी आधी दुकानात आली होती, आणि ती घेऊन लिनक्सची चालवण्याची फाइल फुकट उतरवून घेता येत होती. मग वेगळा डबा कोण घेणार? जानेवारी २००२ मध्ये लोकी बंद पडली. तिथला एक तुकडा मात्र टिकला: प्रोग्रामर सॅम लँटिंगा यांची एसडीएल ही लायब्ररी. खिडकी उघडणे, माऊस-कीबोर्ड वाचणे, आवाज सोडणे ही कामे ती करते, आणि आजही लिनक्सवरचे अनेक गेम तिच्यावर चालतात.

लोकीनंतरही इडने आपली रीत सोडली नाही. टिमोथी बेसे यांनी ‘डूम थ्री’ २००४ मध्ये लिनक्सवर आणला. त्याच वर्षीच्या ‘अनरिअल टूर्नामेंट २००४’च्या डिस्कवरच लिनक्सचा इन्स्टॉलर होता. आणि आजच्या संदर्भात सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, त्या काळी वापरात असलेल्या पंकबस्टर या अँटी-चीटची (फसवणूक पकडणाऱ्या प्रोग्रामची) लिनक्स आवृत्ती होती. ‘क्वेक थ्री’ खेळणारा लिनक्सवाला विंडोजवाल्यांच्याच सर्व्हरवर, त्याच तपासणीतून जात असे. लिनक्सवर अँटी-चीट अशक्य आहे असे कोणी म्हणाले तर हे उदाहरण समोर ठेवावे.

विंडोजचाच गेम लिनक्सवर चालवायचा हा दुसरा रस्ता. वाइन हा प्रकल्प १९९३ पासून चालू आहे. त्यावर ट्रान्सगेमिंगने आधी वाइनएक्स आणि नंतर सेडेगा या नावाने वर्गणीचे उत्पादन काढले. तेव्हाही अडसर ग्राफिक्सपुरता नव्हता; सीडी खरी आहे का हे तपासणारी कॉपी-प्रोटेक्शन यंत्रणा वाट अडवायची, आणि तिच्यासाठी परवाना घेऊन बंद कोड जोडावा लागायचा. आजच्या अँटी-चीटच्या भांडणाची ही लहान आवृत्ती होती. ‘डूम’चे प्रोग्रामर जॉन कारमॅक यांनी २०१३ मध्ये मत मांडले होते की एकेका कंपनीला लिनक्स पोर्टसाठी (गेमच्या खास लिनक्स आवृत्तीसाठी) गळ घालण्यापेक्षा वाइन सुधारणे हा चांगला मार्ग आहे. तेव्हा अनेकांना ते रुचले नाही. पाच वर्षांनी तेच झाले.

त्याआधी स्टीम हे गेमांचे ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या वाल्वने पोर्टचा रस्ता धरून पाहिला. विंडोज ८ सोबत मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे दुकान आले आणि स्टीमचा धंदा दुसऱ्याच्या दारावर अवलंबून राहील ही भीती खरी वाटू लागली. ऑगस्ट २०१२ मध्ये वाल्वने आकडे दिले: ‘लेफ्ट फॉर डेड टू’ विंडोज ७ वर सेकंदाला २७०.६ फ्रेम्स, उबुंटू या लिनक्सवर ३१५. फेब्रुवारी २०१३ मध्ये स्टीम लिनक्सवर अधिकृतपणे आले. त्याच सुमारास ‘काउंटर-स्ट्राइक १.६’ही आला. पुण्या-मुंबईच्या सायबर कॅफेंत एक पिढी याच गेमवर नेम धरायला शिकली होती. त्याचीच नवी आवृत्ती ‘सीएस:गो’ सप्टेंबर २०१४ मध्ये पोचला. नोव्हेंबर २०१५ मध्ये निघालेल्या स्टीम मशीन या लिनक्सच्या गेमपेट्या मात्र चालल्या नाहीत. आवडता गेमच त्या पेटीवर नसेल तर ती घेण्यात अर्थ नव्हता, आणि पेट्या विकल्या जात नाहीत म्हणून पोर्ट होत नव्हते.

कोंडी फोडली ती वल्कनने. फेब्रुवारी २०१६ मध्ये आलेल्या या ग्राफिक्स एपीआयमुळे (गेमने कार्डाशी बोलण्याच्या भाषेमुळे) विंडोजच्या डायरेक्टथ्रीडीच्या हाका थेट, कमी खर्चात भाषांतरित करता येऊ लागल्या. फिलिप रेबोले यांनी ‘नीअर: ऑटोमॅटा’ हा एकच गेम लिनक्सवर खेळता यावा म्हणून हे भाषांतर करणारे डीएक्सव्हीके लिहायला घेतले. वाल्वने त्यांना कामाला लावले, आणि २१ ऑगस्ट २०१८ रोजी वाइन व डीएक्सव्हीके एकत्र बांधलेला प्रोटॉन स्टीममध्ये आला. पहिल्या दिवशी मान्य केलेल्या २७ गेमांत २०१६ चा ‘डूम’ होता. डायरेक्टथ्रीडी १२ साठी व्हीकेडीथ्रीडी-प्रोटॉन पुढे आले.

शूटरमध्ये सरासरी फ्रेम्सपेक्षा एकेक फ्रेम किती वेळात येते ते जास्त जाणवते. कोपऱ्यावर वळताना एक झटका बसला की मेलात. प्रोटॉनच्या सुरुवातीच्या वर्षांत हा झटका रोजचा होता, कारण नवा शेडर (ग्राफिक्स कार्डावर चालणारा छोटा प्रोग्राम) दिसला की खेळ थांबवून तो कंपाइल व्हायचा. एएमडीच्या कार्डांसाठी वाल्वने लिहवून घेतलेला एसीओ कंपायलर मेसा २०.२ पासून मुळातच चालू आला. नोव्हेंबर २०२२ च्या डीएक्सव्हीके २.० ने पाइपलाइनचे तुकडे गेम लोड होतानाच बांधायला सुरुवात केली. आजही पहिल्या सामन्यात झटके बसत असतील तर आधी स्टीमच्या सेटिंगमधले शेडर प्री-कॅशिंग चालू आहे का ते बघावे, आणि ‘प्रोसेसिंग वल्कन शेडर्स’ ही पट्टी कंटाळून वगळू नये.

दुसरा खर्च होता थ्रेड (गेमची एकाच वेळी चालणारी कामे) एकमेकांची वाट पाहतात त्याचा. विंडोजच्या पद्धतीची वाट पाहणे लिनक्सवर वाइनच्या मध्यस्थ सर्व्हरमार्फत व्हायचे, आणि प्रोसेसरवर ताण देणाऱ्या शूटरमध्ये तिथेच फ्रेम्स गळायच्या. आधी ईसिंक, मग एफसिंक अशी तात्पुरती सोय झाली. एफसिंकला लागणारी सिस्टिम कॉल (कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, केलेली हाक) कर्नल ५.१६ मध्ये आली, आणि एलिझाबेथ फिगुरा यांचे एनटीसिंक ६.१४ मध्ये. नव्या एनटीसिंकने साध्या वाइनच्या तुलनेत मोठी उडी दिसते, पण एफसिंकवर आधीच चालणाऱ्या प्रोटॉनच्या तुलनेत फरक थोडाच असतो. त्यामुळे फक्त त्यासाठी कर्नल बदलण्याची घाई नको.

गेम सुरूच होत नसेल तर बहुतेक वेळा चूक जुनीच असते. विंडोजची एनटीएफएस डिस्क जोडून तिथलीच स्टीम लायब्ररी (गेमांचा फोल्डर) वापरली की प्रोटॉनचा प्रिफिक्स (गेमसाठी उभारलेले नकली विंडोजचे फोल्डर) बिघडतो. त्यात ‘सी:’ अशा कोलनच्या नावाच्या लिंक असतात आणि एनटीएफएसवर त्या धड बसत नाहीत. लायब्ररी ईएक्सटी४ किंवा बीटीआरएफएस या लिनक्सच्या फाइल-रचनेच्या डिस्कवर हलवावी. मोठा नकाशा लोड होताना गेम पडत असेल तर कर्नलची मेमरी-मॅपची कमाल संख्या तपासावी. जुनी मर्यादा ६५,५३० आहे, फेडोरा ३९ आणि उबुंटू २४.०४ या लिनक्स आवृत्त्यांनी ती १०,४८,५७६ वर नेली. नेम सरकल्यासारखा वाटत असेल तर डेस्कटॉपच्या माऊस सेटिंगमध्ये ॲक्सिलरेशन ‘फ्लॅट’ करावे आणि गेममध्ये रॉ इनपुट चालू ठेवावा. वेलँड या लिनक्सच्या नव्या पडदा-यंत्रणेवर माऊस जड वाटला तर कारण बहुधा व्ही-सिंक (फ्रेम पडद्याच्या वेगाशी जुळवणे) असते. केडीई प्लाझ्मा ६ या डेस्कटॉपमध्ये पूर्ण पडद्याच्या गेमला टेअरिंगची (ही वाट न पाहता फ्रेम दाखवण्याची) परवानगी देता येते. पिंगचा (सर्व्हरपर्यंत जाऊन येण्याच्या वेळेचा) मात्र प्रोटॉनशी संबंध नाही. मुंबईच्या सर्व्हरपर्यंतचा रस्ता दोन्हीकडे तोच आहे.

आता विश्वासाचा प्रश्न. पंकबस्टर आणि वाल्वचे व्हॅक गेमच्याच पातळीवर, युजर मोडमध्ये चालत. चीट लिहिणारे कर्नलमध्ये उतरले तसे अँटी-चीटही खाली उतरले. २०२० मध्ये ‘व्हॅलोरंट’ सोबत आलेले व्हॅनगार्ड तर विंडोज सुरू होतानाच आपला ड्रायव्हर चढवते. वाइन कर्नल नसल्याने असा ड्रायव्हर त्यात चढवता येत नाही. शिवाय काही संरक्षण-कोड विंडोजच्या लायब्ररीला बगल देऊन थेट सिस्टिम कॉल करतो. तो पकडून वाइनकडे वळवण्याची सोय कर्नल ५.११ मध्ये झाली.

सप्टेंबर २०२१ मध्ये इझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोघांनीही प्रोटॉनला पाठिंबा जाहीर केला. तो आपोआप मिळत नाही. गेमच्या कंपनीने आपल्या बाजूने तो चालू करावा लागतो, आणि खेळणाऱ्याच्या स्टीममध्ये त्या अँटी-चीटचा प्रोटॉन रनटाइम (चालण्यासाठी लागणारा जोडभाग) उतरलेला असावा लागतो. हा रनटाइम नसेल तर गेम सुरू होतो, मेनू दिसतो आणि सर्व्हरवरून हाकलले जाते. ‘हेलो: द मास्टर चीफ कलेक्शन’, ‘डेझी’, ‘द फायनल्स’ यांनी परवानगी दिली. ‘रस्ट’ने दिली नाही, ‘रेनबो सिक्स सीज’ने दिली नाही, ‘फोर्टनाइट’ने तर इझी अँटी-चीट एपिकचेच असूनही दिली नाही. ‘हेलडायव्हर्स टू’ वेगळे, कर्नल-पातळीचे अँटी-चीट वापरूनही प्रोटॉनवर चालतो. याचा अर्थ सरळ आहे: तंत्र उपलब्ध आहे, अडवणूक निर्णयाची आहे.

त्या निर्णयामागचे कारण खोटे नाही. लिनक्सवर कर्नल वापरणारा स्वतः बांधू शकतो, त्यामुळे गेमच्या मेमरीत कोण डोकावते आहे हे युजर मोडमधला पहारेकरी खात्रीने सांगू शकत नाही. ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी ‘एपेक्स लेजंड्स’ने लिनक्स बंद केले तेव्हा हेच कारण दिले. स्टीम डेक या वाल्वच्या लिनक्सवर चालणाऱ्या हातातल्या यंत्रावर हा गेम मार्च २०२२ पासून चालत होता. अडीच वर्षे खेळलेल्यांचा दरवाजा एका दिवसात बंद झाला. पण विंडोजवरही कर्नल-पहारा पुरत नाही. पीसीआय-एक्सप्रेसचे डीएमए कार्ड दुसऱ्या संगणकावरून मेमरी वाचते आणि प्रोसेसरवर चालणाऱ्या कोणत्याही पहारेकऱ्याला ते सहज दिसत नाही. भिंतीआडच्या शत्रूची जागा क्लायंटला (खेळणाऱ्याच्या संगणकाला) पाठवूच नये हे काम सर्व्हरवर करावे लागते. ते महाग आहे, कठीण आहे, पण ते खेळणाऱ्याच्या कर्नलवर अवलंबून नाही. मोठ्या कंपन्यांनी पैसा तिथे घालायला हवा होता, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ऑक्टोबर २०२५ हा महिना या सगळ्या गोष्टीचे चित्र आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ तारखेला संपला. स्टीमच्या मासिक पाहणीत लिनक्सचा वाटा पहिल्यांदाच ३ टक्क्यांच्या वर गेला. आणि १० तारखेला आलेल्या ‘बॅटलफील्ड ६’ने विंडोजवरही सिक्युअर बूट (सही असलेलीच प्रणाली सुरू होऊ देणारी सोय) सक्तीचे केले, लिनक्सला तर जागाच ठेवली नाही.

या एका गेमसाठी विंडोज शेजारी ठेवणाऱ्यांना नवी अडचण येते. सिक्युअर बूट चालू केले की सही नसलेले कर्नल मॉड्यूल चढत नाही. एनव्हिडियाचा ड्रायव्हर डीकेएमएस या साधनाने घरीच बांधला जात असेल तर लिनक्स कमी रिझोल्यूशनवर उघडते किंवा काळा पडदा येतो, आणि प्रोटॉनमध्ये एकही गेम चालत नाही. उबुंटूवर ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड विचारला जातो. पुढच्या बूटला निळ्या पडद्यावर ‘एनरोल एमओके’ (आपली चावी नोंदवा) निवडून तोच द्यावा लागतो. तो पडदा काही सेकंदांतच निघून जातो. हुकला तर एमओकेयुटिल या आज्ञेने चावी पुन्हा आयात करून रीबूट करावे. बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करण्याकडे हात गेला, तर ‘बॅटलफील्ड’ पुन्हा उघडणार नाही.