विलापस्तोत्र

विलापस्तोत्र म्हणजे संकटात सापडलेल्या माणसाने किंवा साऱ्या समाजाने देवापुढे घातलेले गाऱ्हाणे. बायबलच्या जुन्या करारातील स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत, त्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश या जातीची. कठीण काळात देवावर भरवसा ठेवणे म्हणजे मुकाट्याने सोसणे, असा समज ख्रिस्ती मंडळ्यांतही सर्रास आढळतो. ही स्तोत्रे वाचली की तो टिकत नाही. इथला भक्त देवाला जाब विचारतो, त्याच्यावर रुसतो, तू झोपलास काय असेही म्हणतो. पण बोलतो ते देवाशीच. गाऱ्हाणे दुसऱ्या कुणाच्या दारी जात नाही, आणि त्याचा भरवसा आहे तो इथेच.

रचना पाहायला १३ वे स्तोत्र सोयीचे आहे. ते जेमतेम सहा ओव्यांचे. सुरुवातीलाच ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो: देव कोठवर विसरणार, कोठवर तोंड लपवणार, जिवाला कोठवर घोर, शत्रू कोठवर वरचढ? मग मागणे: माझ्याकडे बघ, उत्तर दे, माझ्या डोळ्यांत उजेड आण. आणि पाचव्या ओवीत एकाएकी वळण. मूळ हिब्रूत तिथे ‘वअनी’ असा छोटासा शब्द आहे, ‘मी तर’ एवढाच त्याचा अर्थ. मी तर तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे, असे म्हणून भक्त गाऊ लागतो. शत्रू हटला, दुखणे बरे झाले, असे काही स्तोत्र सांगत नाही.

हे वळण कशामुळे येते, यावर अभ्यासकांनी बराच खल केला आहे. हेरमान गुंकेल या जर्मन पंडिताने स्तोत्रांचे प्रकार पाडून विलापस्तोत्रांचा साचा दाखवला. पुढे १९३४ मध्ये योआखिम बेग्रिख याने असे मत मांडले, की गाऱ्हाणे संपल्यावर मंदिरातला याजक (पुरोहित) देवाच्या नावाने अभयवचन देत असे आणि भक्ताचा सूर त्यानंतर पालटत असे. जुन्या करारातील हन्नाची गोष्ट या मताला जवळची आहे. मूल नाही म्हणून सवतीचे टोमणे खाणारी हन्ना शिलो येथील मंदिरात रडत प्रार्थना करते. ओठ हलतात, आवाज फुटत नाही. एली याजकाला वाटते, ही प्यायलेली आहे. खरे कळल्यावर तो म्हणतो, शांतीने जा. हन्ना उठते, जेवते, आणि तिचा चेहरा पुन्हा उदास राहत नाही. तिच्या मुलाचा, शमुवेलाचा, जन्म अजून पुढे आहे. जेवण आधी, लेकरू नंतर: भरवशाचे इतके साधे चित्र बायबलमध्ये क्वचितच सापडते.

मात्र प्रत्येक स्तोत्र असे वळत नाही. ८८ वे स्तोत्र आरंभी देवाला ‘माझ्या उद्धाराच्या देवा’ अशी हाक मारते आणि मग १८ ओव्या नुसते खोल जात राहते. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच ‘अंधार’ असा आहे. तरीही ते स्तोत्रसंहितेतून कुणी गाळले नाही. कॅथलिक प्रार्थनाविधीत शुक्रवारी रात्री निजण्यापूर्वी हेच स्तोत्र म्हणतात. दुःखी माणसाला घाईघाईने ‘सगळे ठीक होईल’ म्हणणाऱ्यांनी ते जरूर वाचावे.

विलापगीत हे स्वतंत्र पुस्तकही याच परंपरेतले. इ. स. पू. सहाव्या शतकात बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने यरुशलेम उद्ध्वस्त केले, त्याचा हा आक्रोश. पाचांपैकी पहिले चार अध्याय हिब्रू वर्णमालेच्या २२ अक्षरांच्या क्रमाने रचलेले आहेत. ज्या दुःखाला शब्द सापडत नव्हते त्याला कवीने अक्षरांचा आधार दिला, असेच वाटते. देवाची करुणा रोज सकाळी नवी होते, हे वचन ऐन मधल्या, तिसऱ्या अध्यायात येते. त्यानंतरही रडणे थांबत नाही.

ख्रिस्ती श्रद्धेत या साऱ्याला वेगळेच वजन येते ते वधस्तंभामुळे. ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ ही येशूची हाक म्हणजे २२ व्या स्तोत्राची पहिली ओळ. त्यागल्याचे दुःख सांगतानाही ‘माझ्या’ सुटलेले नाही. आदल्या रात्री गेथशेमाने बागेत त्याने दुःखाचा प्याला दूर कर अशी विनवणी केली होती, आणि मग स्वतःला पित्याच्या इच्छेवर सोपवले होते. म्हणून विनवणी करणे हा अविश्वास, असे ख्रिस्ती माणसाला म्हणता येत नाही.

पुढे ही स्तोत्रे मरणाऱ्यांच्या उशाशी आली. इ. स. ४३० मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो शहराला व्हँडल या जर्मानिक टोळ्यांचा वेढा पडलेला असताना तिथले बिशप ऑगस्टिन आजारी पडले. पश्चात्तापाची स्तोत्रे लिहवून घेऊन त्यांनी ती पलंगाजवळच्या भिंतीवर लावली होती; ती वाचत ते रडत, असे त्यांचे चरित्रकार पॉसिडियस यांनी नोंदवले आहे.

मराठी वाचकाला देवाशी भांडणारा भक्त नवा नाही. तुकोबांचे अभंग मनात मुरलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक तुकारामांच्या पुलावरूनच ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत, आणि त्यांच्या भजनांत ती सलगी ऐकू येते. पंडिता रमाबाईंनी तर दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावली, लग्नानंतर दोन वर्षांच्या आतच पती. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल साध्या बायाबापड्यांच्या मराठीत आणण्याचे त्यांचे काम चालू असतानाच १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या स्वतः वारल्या, आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले. त्याचे छपाईचे खिळे जुळवण्यापासूनचे काम रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या स्त्रियांनी केले. विलापगीताच्या चौथ्या अध्यायात लेकरे भाकर मागतात आणि कोणी ती देत नाही. १८९६-९७ च्या दुष्काळातल्या अनाथ मुलींना आसरा देणाऱ्या त्या संस्थेच्या छापखान्यात ही ओळही जुळवली गेली.