लाकूड कातकाम (छंद)

लेथवर, म्हणजे लाकूड पकडून गरगर फिरवणाऱ्या यंत्रावर, फिरणाऱ्या लाकडाला हातातली पटाशी लावून त्याला गोल आकार देण्याचे काम. सुतारकामात लाकूड स्थिर असते आणि हत्यार चालते, इथे उलटे. खुर्चीचे पाय, लाटणी, भोवरे, पाळण्याच्या दांड्या ही कातारी लोकांची जुनी कामे. छंद म्हणून कातकाम करणारे मात्र बहुतेक पेन किंवा छोट्या दांडीपासून सुरुवात करून वाडग्यावर येतात, आणि तिथेच रमतात.

लाकूड किती वेगाने फिरवायचे, हे त्याच्या व्यासावर ठरते. इंचातला व्यास आणि मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार ६,००० ते ९,००० च्या दरम्यान ठेवावा, असा प्रचलित अंदाज आहे. म्हणजे १० इंची वाडग्याला ६०० ते ९०० फेरे. ओबडधोबड, तोल नसलेला ओंडका याच्या निम्म्या वेगाने सुरू करून गोल झाल्यावरच वेग वाढवतात. चेहऱ्यावर पूर्ण ढाल हवी; हातमोजे आणि सैल बाह्या नकोत, कारण अडकलेले कापड हातालाही ओढून नेते.

नवख्याला सर्वांत जास्त छळतो तो झटका: हत्यार अचानक लाकडात रुतते, वाडग्यावर खोल चरा पडतो, कधी वाडगा चकमधून, म्हणजे लेथच्या पकडीतून, निसटतो. कारण बहुधा एकच असते, धार आधाराविना लाकडाला भिडलेली असते. म्हणून पटाशी आधी टूलरेस्टवर, म्हणजे कामासमोरच्या आधारपट्टीवर, टेकवायची, मग धारेमागचा उतार लाकडावर नुसता घासू द्यायचा आणि मूठ सावकाश वर उचलत धार लागू करायची. टूलरेस्ट कामापासून लांब राहिली की हत्याराचा पुढचा भाग अधांतरी पडतो आणि हाच उतार हुकतो. बोथट धारेला दाब द्यावा लागतो आणि दाबाने झटके वाढतात. सागातल्या सिलिकेमुळे, म्हणजे वाळूसारख्या कठीण कणांमुळे, धार लवकर जाते. सागाचा वाडगा करताना ग्राइंडरकडे वारंवार जावेच लागते.

वाडग्यासाठी ओले लाकूड उत्तम. ते लोण्यासारखे कापले जाते आणि पावसाळ्यात पडलेल्या आंब्याचे किंवा शिरीषाचे खोड मिळाले तर फार खर्चही येत नाही. खोड उभे चिरून मधला गाभा काढून टाकतात, कारण भेगा तिथूनच फुटतात. बाहेरची बाजू बुडाकडून काठाकडे, आतली काठाकडून मध्याकडे कापतात. उलट दिशेने गेल्यास तंतू उपटले जातात आणि वाडग्यावर समोरासमोर दोन खरबरीत पट्टे उमटतात. ते पॉलिशपेपरने घासत बसण्यापेक्षा धार लावून एक हलका हात फिरवणे बरे.

सुकताना लाकूड वार्षिक वलयांच्या दिशेने, वलयांना काटकोनात आटते त्याच्या साधारण दुप्पट आटते. त्यामुळे गोल वाडगा लंबगोल होतो. यावर उपाय म्हणजे दोनदा कातणे. पहिल्यांदा भिंत व्यासाच्या दहाव्या हिश्श्याएवढी जाड ठेवायची: २५ सेंमी वाडग्याला २.५ सेंमी. यापेक्षा पातळ ठेवली तर वाकलेल्या भिंतीतून पुन्हा गोल निघत नाही; फार जाड ठेवली तर बाहेरचा थर आधी आटून तडकतो. मग तंतूंची उघडी टोके मेणाने बंद करून वाडगा कागदी पिशवीत, वारा लागणार नाही अशा जागी ठेवतात. दर आठवड्याला वजन करायचे. ते घटायचे थांबले की दुसरी कातणी. याला काही महिने लागतात. घाई करून उन्हात ठेवलेला वाडगा हमखास फुटतो. काहीजण एकाच बैठकीत ५-६ मिमी पातळ कातून पुढचे वाकणे लाकडावर सोपवतात. तेही देखणे दिसते.

हे हस्तकौशल्य नुसते वाचून येत नाही, मूठ कशी फिरते ते बघावे लागते. म्हणून जगभर स्थानिक मंडळांचे जाळे उभे राहिले. अमेरिकेत १९८६ मध्ये 'अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स' स्थापन झाली. डेव्हिड एल्सवर्थ पहिले अध्यक्ष. ब्रिटनमधली संघटना पुढच्याच वर्षी आली. मंडळाच्या बैठकीत प्रात्यक्षिक होते, सदस्यांच्या वस्तू टेबलावर मांडून त्यांच्यावर रोखठोक बोलले जाते, लाकडाची देवाणघेवाणही चालते.

भारतात हे काम मुख्यतः व्यवसाय म्हणून टिकले: सावंतवाडी, कर्नाटकातील चन्नपट्टण, गुजरातेतील संखेडा. चन्नपट्टणचे कारागीर काळ्या कुड्याचे पांढरे लाकूड कातून फिरत्या वस्तूला रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पसरते आणि केवड्याच्या जातीच्या सुक्या पानाने चकाकी आणली जाते. छंदवाल्यांनाही ही पद्धत घरच्या लेथवर जमते, पण वस्तू पूर्ण सुकी हवी, नाहीतर लाखेचे पापुद्रे सुटतात. गरम पदार्थ वाढायच्या वाडग्याला लाख चालत नाही, ती मऊ पडते. तिथे अक्रोडाच्या किंवा टुंग झाडाच्या बियांच्या तेलाचे पातळ हात देऊन ते पूर्ण वाळू द्यावेत.