स्वयंपाकघर आहे, पण आचारी कुणीच नाही

माणूस सोडून आणखी कुणी मिळून स्वयंपाक करतं का? जपानच्या कोशिमा बेटावर १९५३ साली इमो नावाच्या एका लहानशा माकडिणीने वाळूने माखलेलं रताळं पाण्यात धुऊन खाल्लं, आणि तिचं बघून हळूहळू बाकीची माकडंही धुवायला लागली, हा किस्सा तुम्ही कुठे ना कुठे ऐकला असेल. पण त्यात जो तो आपापलं रताळं धूत होता, एक धुतोय, दुसरा सोलतोय, तिसरा वाढतोय असलं काही नव्हतं. लांडगे आणि सिंह मिळून शिकार करतात हे खरं, पण तो बाजारहाट झाला हो, स्वयंपाक नाही. जे आणलंय ते तसंच खाता येत नाही किंवा टिकत नाही, म्हणून चार जणांनी मिळून त्याचं काहीतरी करायचं आणि मग खायचं, हे बघायचं असेल तर हातवाल्या प्राण्यांना सोडा आणि किड्यामुंग्यांकडे चला.

मधमाशीच घ्या. फुलावरून परतणारी माशी मध आणतच नाही, ती आणते मकरंद, आणि त्यात पाणी इतकं असतं (कधीकधी ७० टक्क्यांच्याही वर) की तो तसाच साठवला तर आंबून वाया जाईल. पोळ्यात शिरल्यावर तिला शोधावी लागते एखादी घरातली माशी, वयाने तिच्यापेक्षा लहान, अजून बाहेरच्या कामाला न लागलेली. दोघी तोंडाला तोंड लावतात, बाहेरची पोटातल्या पिशवीतून रस वर काढते, घरातली सोंडेने ओढून घेते, की झालं, बाहेरची निघाली परत फुलांकडे. खरं काम आता सुरू होतं. घरातली माशी बाजूला जाऊन बसते, रसाचा एक थेंब तोंडातून बाहेर काढते, सोंडेवर पातळ पसरवते, पुन्हा आत घेते, पुन्हा बाहेर काढते, असं साधारण १५-२० मिनिटं चालतं. पोळ्यातल्या गरम हवेने पाणी उडत राहतं आणि माशांच्या ग्रंथींमधून मिसळलेलं इन्व्हर्टेज नावाचं एन्झाइम उसाच्या साखरेसारखी जी साखर रसात असते तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे करतं. मग तो रस घरांमध्ये पसरून ठेवतात, आणखी माशा पंख हलवून वारा घालत बसतात, आणि पाणी १८-२० टक्क्यांच्या खाली आलं की वर मेणाचं झाकण. म्हणजे आपण आयता खातो तो मध कितीतरी जणींच्या तोंडातून आलेला असतो, हे जेवताना आठवू नका म्हणजे झालं.

आता प्रश्न असा की बाहेरून माल धो-धो येतोय आणि आत घ्यायला माणूसबळ, सॉरी, माशीबळ कमी पडतंय, तर ते कळणार कुणाला? मॅनेजर तर कुणीच नाही. राणी अंडी घालण्यात बिझी. थॉमस सीली या अमेरिकन शास्त्रज्ञाने याचं उत्तर शोधलं आणि मला तरी ते या सगळ्यातलं सगळ्यात भारी वाटतं. माशी फक्त स्वतःला किती ताटकळावं लागलं तेवढंच बघते. रस घेणारी साधारण २० सेकंदांच्या आत भेटली तर ती फुलांचा पत्ता सांगणारा नेहमीचा नाच करते, म्हणजे आणखी जणी बाहेर पडतात. पण ५० सेकंदांच्या वर वाट बघावी लागली तर ती थरथरत, अडखळत पोळ्यावर फिरते, आणि त्या थरथरीने आतल्या जास्त माशा रस घ्यायच्या कामाला लागतात, शिवाय बाहेर बोलावणारे नाचही कमी होतात. कार्ल फॉन फ्रिश, ज्यांना माशांच्या नाचाच्या अभ्यासासाठीच १९७३ चं नोबेल मिळालं, त्यांनी ही थरथर कितीतरी आधी बघितली होती पण तिचा अर्थ त्यांनाही लागला नव्हता.

मुंग्यांकडे तर चक्क पीठ मळण्याचा प्रकार आहे. मेसॉर गटातल्या दाणे गोळा करणाऱ्या मुंग्या बिया वारुळात आणतात, सालं काढून बाहेर कचऱ्याच्या ढिगावर टाकतात, मोठ्या डोक्याच्या मुंग्या कडक दाणा फोडतात आणि मग कामकरी मुंग्या तो गर लाळ मिसळून चावत बसतात, चावून चावून त्याचा मऊ गोळा होतो. याला शास्त्रज्ञ मुंग्यांचा ब्रेड म्हणतात. पावसाने बिया भिजल्या तर त्या बाहेर आणून उन्हात वाळत घालतात, हे तर कुणीही निरखून बघू शकतं.

पानं कापणाऱ्या मुंग्यांचं वेगळंच. पानांचे तुकडे डोक्यावर धरून चाललेल्या त्यांच्या रांगा बघून अनेकांना वाटायचं की या पानंच खातात. १८७४ मध्ये थॉमस बेल्ट यांनी मांडलं की छे, पानं म्हणजे नुसतं खत आहे, त्यावर त्या बुरशी पिकवतात आणि ती खातात, आणि ते बरोबर निघालं. मोठ्या मुंग्या कापून आणतात, त्यांच्याहून लहान त्याचा अगदी चुरा करतात, आणि सगळ्यात चिमुकल्या बुरशीच्या मळ्यात शिरून नको ती बुरशी उपटत बसतात. नवी राणी उडून जाते तेव्हा तोंडातल्या एका खोबणीत त्याच बुरशीची छोटी गोळी घेऊन जाते, विरजण घेऊन जावं तशी.

पण सगळ्यात गंमत पुढे आहे. पूर्ण वाढ झालेल्या मुंगीला घट्ट अन्न गिळताच येत नाही, तिच्या तोंडातली गाळणी फक्त द्रव आत सोडते. अळीला, म्हणजे मुंगीच्या पिल्लाला, ते पचवता येतं, पण अळीला पायच नसतात. म्हणजे दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत. फायडोले जातकुळीतल्या एका मुंगीने यावर काढलेला तोडगा असा: अळीला उताणी झोपवायची आणि मारलेल्या किड्याचे तुकडे तिच्या पोटावर ठेवायचे, ताटात वाढल्यासारखे. अळी त्यावर पाचक रस सोडते, तुकडे विरघळायला लागतात, आणि थोड्या वेळाने वाढ झालेल्या मुंग्या येऊन त्याच पोटावरून तो रस पितात, अळीही आपला वाटा खाते.