कोयत्याचं पोट

पाऊस ओसरला की जावळी, पाटणकडे कोयते बाहेर निघतात. बांधावरचं रान काढायचं असतं, सरपण तोडायचं असतं. मग धार लावून घ्यायला ग्राइंडरवाल्याकडे जायचं. ठिणग्या उडतात, कड चकाकते. पुढे वाळक्या लाकडावर दोन घाव घातले की त्याच कडेला दाते पडतात आणि लोक पोलादाला नावं ठेवतात. पुष्कळदा पोलादाचा दोष नसतो. ग्राइंडरने पात्याचं पोट, म्हणजे कडेमागचा फुगीर भाग, खाल्लेलं असतं.

गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून घडवलेल्या चांगल्या कोयत्याच्या बाजू कडेपर्यंत सरळ उतरत नाहीत, किंचित फुगीर राहून एकमेकींना मिळतात. अख्ख्या मसुराच्या दाण्याची कड निरखून पाहा, तोच आकार. (कराड-इस्लामपूरकडे मसूर काही शोधावा लागत नाही.) ही बहिर्गोल धार. लाकडात शिरताना ही धार फट हळूहळू रुंद करत जाते. सपाट घासलेल्या धारेला मात्र वर एक खांदा असतो, तो लाकडात अडतो. फुगीर पातं लाकडाला थोड्याच जागी टेकतं, म्हणून रुतून बसत नाही.

‘बहिर्गोल धार नेहमीच मजबूत’ असं सर्रास सांगितलं जातं, ते अर्धंच खरं. पात्याची जाडी आणि धारेची रुंदी तीच ठेवून सपाट उताराऐवजी फुगीर उतार दिला, तर कडेमागे जास्त धातू राहतो आणि धार टिकते. पण अगदी कडेचा कोन दोन्हींत सारखा ठेवला, तर उलट फुगीर धारच मागे पातळ होत जाते: चिरायला छान, घावाला नाजूक.

ग्राइंडरचा दुसरा त्रास उष्णतेचा. कड लाल व्हायची गरज नसते. साधारण 300 अंश सेल्सिअसला पोलादावर निळी झाक येते. ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरातून परतणाऱ्या प्रकाशाचा तो रंग. पाणी दिल्यानंतर (तापवून एकदम थंड केल्यानंतर) लोहाराने त्याहून कमी तापमानावर उतरवलेली, म्हणजे ठिसूळपणा काढायला पुन्हा तापवलेली, धार निळ्या भागात मऊ पडते. ती पुन्हा घासून चमकेल, पण कडक होणार नाही.

घरी हे काम सोपं आहे. जुन्या स्लीपरच्या रबरी तळावर 400 नंबरचा वॉटर पेपर (बारीक पॉलिश पेपर) पसरा. पातं जवळजवळ आडवं टेकवून पाठीच्या दिशेने ओढा, धारेच्या दिशेने ढकलू नका. कागद कापला जाईल. दाबाखाली रबर दबतं, कागद पात्याच्या गोलाईवर बसतो आणि पोट शाबूत राहतं. मात्र जास्त दाबलं किंवा पातं फार उचललं, तर तेच रबर कडेवरून वर येऊन धार बोथट करतं. आधी कडेवर मार्कर पेनाने रेघ ओढा: शाई वरच पुसली जात असेल तर पातं जरा उचला, फक्त अगदी कडेला जात असेल तर खाली घ्या.

विरुद्ध बाजूला, सगळ्या लांबीभर, बोटाला खरखरीत मुरड (घासताना कडेवर वळलेला धातूचा पातळ पदर) लागली की बाजू बदला. बोट कडेच्या लांबीवरून नाही, पाठीकडून कडेबाहेर फिरवायचं. मग 1000, नंतर 2000 नंबर. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर धातूचं पॉलिश लावून हलक्या हाताने ओढलं की उरलेली मुरड गळते. रोजच्या वापरात हा पट्टाच पुरतो.

महाबळेश्वरात वर्षाला 5000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. अशा हवेत चामडी म्यान ओल धरून ठेवतं, तेव्हा पातं त्यात ठेवू नये. पुसून, वाळवून खोबरेलाचा हात फिरवावा. जवसाचं तेल वाळून चिकट होतं, खोबरेल होत नाही.